दुधाच्या आधीचं चाउडर

१९३९ साली अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळात एका आमदाराने एक विधेयक मांडलं. विषय: क्लॅम चाउडर नावाच्या सूपमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी. गुन्हेगाराला शिक्षा काय, तर म्हणे भरतीच्या वेळी समुद्रावर जाऊन पिंपभर शिंपले खणून आणायचे! किनाऱ्यावरच्या वाचकांना यातली मेख लगेच कळेल. शिंपले काढतात ते ओहोटीला. भरतीला शिंपले काढ म्हणणं म्हणजे पावसाळ्यात पापड वाळवून आण म्हणण्यासारखं झालं. विधेयकाचा कायदा काही झाला नाही. पण त्या साली, महायुद्ध दाराशी येऊन ठेपलेलं असताना, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला सूपात काय घालावं याची काळजी पडली होती, ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे मिसळीवरून पुणेकर, नाशिककर आणि कोल्हापूरकर भांडतात ना, अगदी तसंच. फक्त आपण अजून विधानसभेत गेलेलो नाही, इतकंच.

ज्यांनी हा पदार्थ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंड म्हणून सहा राज्यांचा पट्टा आहे: मेन, न्यू हँपशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेटिकट. इथलं क्लॅम चाउडर म्हणजे शिंपल्यांचं मांस, बटाटे, कांदा, खारवलेलं डुकराचं मांस आणि भरपूर दूध किंवा क्रीम. रंग पांढराशुभ्र आणि घट्टपणा असा, की काही उपाहारगृहांत वाडग्यात चमचा उभा राहतो. वरून भुरभुरायला छोटी बिस्किटं. न्यूयॉर्कवाले त्यात दुधाऐवजी टोमॅटो घालतात, आणि त्या लाल चाउडरला 'मॅनहॅटन' म्हणतात. मेनच्या आमदारसाहेबांचा राग होता तो ह्या लाल पंथावर. पांढरं तेच अस्सल, असं त्यांचं म्हणणं.

मी बरीच वर्षं ह्या पट्ट्यात राहतो. पीएचडी ऱ्होड आयलंडमध्ये केली, आता बॉस्टनजवळ एका संशोधन संस्थेत काम करतो. पीएचडीचा विषय होता इमल्शन, म्हणजे एकमेकांत न मिसळणारे द्रव एकमेकांत कसे टिकवून धरायचे. (दूध हे निसर्गाने केलेलं सर्वांत यशस्वी इमल्शन, त्यामुळे दुधाबद्दल माझा आकस नाही.) तरीही ह्या लेखात मला म्हणायचंय ते असं: चाउडरमधलं दूध हा मागाहून आलेला पाहुणा आहे. 'बिनदुधाचं चाउडर' असं आज जे म्हटलं जातं, जणू काही पथ्याचा पदार्थ असावा, ते खरं तर त्या घराचे मूळ मालक आहेत. आणि त्या मालकांच्याही आधी त्या जागेवर कोणी राहत होतं.

ह्या सगळ्याच्या मागे मी लागलो तो आईमुळे. आई वेंगुर्ल्याची. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली. थंडी होती, बाहेर पडणं अवघड, आणि घरात ती पाहुणीसारखी वावरायची. काहीही विचारलं की 'चलात रे, तुमका आवडता ता करा' एवढंच. मला वाटलं, मासेखाऊ बाई आहे, इथल्या समुद्राचं काहीतरी खाऊ घालावं. चाउडर म्हणजे काय ते मी तिला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेल्या, तिसऱ्यांत दूद घालतत काय खंय?"

तिच्या म्हणण्यामागे परंपरा आहे. मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत, हे आपल्याकडे चरकसंहितेपासून सांगितलं गेलंय. विरुद्ध आहाराचं ते ठळक उदाहरण. घरोघरी त्याचा अर्थ 'अंगावर कोड येतं' असा पोचलेला आहे. आधुनिक वैद्यकात त्याला आधार नाही. तसा असता तर न्यू इंग्लंडमधली निम्मी जनता ठिपक्याठिपक्यांची झाली असती. पण साठ वर्षं पाळलेली गोष्ट आईने माझ्या एका शोधनिबंधी वाक्यावर सोडावी, ही अपेक्षा मला गैर वाटली. शिवाय दूध नको असणारी ती एकटी नव्हे. मोठेपणी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट पचवता न येणारी माणसं जगात सुमारे दोन तृतीयांश आहेत. माझ्या लॅबमधल्या चिनी मित्रालाही क्रीमचं सूप सोसत नाही. मोठेपणी दूध पचणं हाच मुळात अपवाद आहे. काही हजार वर्षं गुरं पाळणाऱ्या समाजांत जनुकातल्या एका छोट्या बदलामुळे तो रुजला, आणि उत्तर युरोपातून आलेले लोक त्या अपवादात मोडतात म्हणून तो त्यांना नियम वाटतो.

तेव्हा प्रश्न असा झाला: दूध वगळलं तर चाउडर उरतं का? इंटरनेटवर शोधलं की दुधाऐवजी काजूचं दूध, ओटचं दूध, नारळाचं दूध घातलेल्या पाककृती ढिगाने मिळतात. नारळाचं दूध आणि तिसऱ्या म्हटल्यावर आपल्या तोंडाला पाणी सुटणारच, पण ते मग आपलं कालवण होतं, चाउडर नव्हे. बदली खेळाडू शोधण्याआधी मूळ संघात दूध होतं का, हे बघावं असं मला वाटलं. म्हणून जुन्या पाककृती काढल्या.

चाउडरची छापलेली सर्वांत जुनी ज्ञात पाककृती २३ सप्टेंबर १७५१ च्या 'बॉस्टन ईव्हनिंग पोस्ट' ह्या वर्तमानपत्रात आली. गंमत म्हणजे ती चक्क पद्यात आहे! तळाशी कांदे, म्हणजे डुकराचं मांस करपणार नाही. त्यावर मांसाचे काप, त्यावर मासे, मग पार्स्ली, थाईम वगैरे मसाल्याची पानं, मग भिजवलेली बिस्किटं. पुन्हा तोच क्रम, थरावर थर. शेवटी लाल वाइनची बाटली आणि सगळं बुडेल इतकं पाणी. दूध नाही. बटाटा नाही. आणि (हे वाचून मी खुर्चीतून उठलो) शिंपलेही नाहीत. आपण बिर्याणीला थर लावतो तसला, पण माशांचा आणि बिस्किटांचा हा प्रकार.

हे असं का, ते समजायला हा पदार्थ जन्मला कुठे ते पाहायला हवं. बहुतेक अभ्यासक 'चाउडर' हा शब्द फ्रेंच 'शोदिएर', म्हणजे मोठी कढई किंवा हंडा, याच्याशी जोडतात. अठराव्या शतकात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच मच्छीमार कॉड मासा पकडायला यायचे. पुढे कॅप्टन कुकबरोबर प्रवास करून प्रसिद्ध झालेला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स १७६६ साली तिथे गेला होता. त्याने आपल्या रोजनिशीत चाउडरची नोंद केली आहे: खारवलेल्या डुकराच्या मांसाचे थोडे काप, पुष्कळ मासे आणि बिस्किट, तासभर शिजवलेलं. हे गरिबांचं खाणं असलं, तरी चांगलं केलं तर श्रीमंतांच्या ताटातही शोभेल, असं त्याचं मत पडलं.

आता त्या बोटीवर काय असणार? महिनोन् महिने टिकणाऱ्या तीनच गोष्टी: खारवलेलं मांस, कांदे आणि जहाजी बिस्किट. हे बिस्किट म्हणजे पीठ आणि पाण्याचा दगडासारखा कडक भाजलेला तुकडा. ते तसंच खाल्लं तर दात जायचे, म्हणून रश्श्यात भिजवायचं. चौथी गोष्ट, ताजा मासा, खाली समुद्रात. मच्छीमारी बोटीवर गाय नसते. चाउडरमध्ये दूध नसण्याचं कारण इतकं साधं आहे. रश्श्याला दाटपणा यायचा तो बिस्किटं विरघळून. आज वाडग्यावर भुरभुरायला जी छोटी बिस्किटं देतात, ती त्या जहाजी बिस्किटाची उरलीसुरली खूण. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलाच्या हाती कट्यार देतात ना, पण लढाई कधीच संपलेली असते, तशी.

बोटीवरून हा पदार्थ घरात आला. १८३२ साली बॉस्टनमध्ये निघालेली लिडिया मारिया चाइल्ड यांच्या 'द अमेरिकन फ्रूगल हाउसवाइफ' ह्या पुस्तकाची आवृत्ती माझ्या फार आवडीची. नावातच 'काटकसरी गृहिणी' आहे. (ह्या बाई पुढे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत मोठ्या लेखिका म्हणून गाजल्या.) त्यांच्या चाउडरमध्ये मासे, डुकराचं मांस, कांदा आणि बिस्किटांबरोबर आता बटाट्याचे पातळ काप आलेत. दाटपणासाठी पाण्यात कालवलेलं पीठ. मग त्या सुचवतात: लिंबाची चकती घातली तर चव वाढते, टोमॅटोचं केचप कपभर घातलं तर उत्तम, कोणी कोणी बिअरही घालतात, आणि थोडे शिंपले घातले तर छान लागतात.

ही यादी पुन्हा वाचा. बॉस्टनमधलं पुस्तक, साल १८३२, त्यात दूध नाही, आणि टोमॅटो आहे! मेनच्या आमदाराने टोमॅटोवर बंदी मागितली ती ह्यानंतर एकशे सात वर्षांनी. ज्याला तो परकं म्हणत होता ते त्याच्या आजीच्या पुस्तकात होतं, आणि ज्याला अस्सल म्हणत होता ते त्यात नव्हतं.

शिंपले इथे अजून 'घातले तर छान' ह्या यादीत आहेत. किनाऱ्यावर फुकट मिळणारी गोष्ट म्हणून त्यांना मान नव्हता. प्लिमथच्या वसाहतीतल्या पहिल्या उपाशी वर्षांत लोक शिंपले खणून जगले, आणि पोट भरायला लागल्यावर त्यांना हलकं मानू लागले. १८५१ साली आलेल्या हर्मन मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीत मात्र शिंपल्यांचं चाउडर थाटात येतं. नँटकेट बेटावरच्या खाणावळीत सकाळ, दुपार, रात्र चाउडरच मिळतं. त्यातही शिंपले, कुटलेली जहाजी बिस्किटं, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, आणि सढळ लोणी. म्हणजे दुभत्या जनावराने दारातून आत डोकावलंय, पण दूध अजून वाडग्यात नाही. दूध आहे ते वेगळं, आणि त्याला माशाचा वास येतो! कारण खाणावळवाल्याची गाय किनाऱ्यावर माशांची उष्टीखरकटी चरत हिंडते. कादंबरीतला विनोद म्हणून सोडून दिला तरी बेटावरच्या दुधाची त्या काळी काय अवस्था असेल याचा अंदाज येतो.

मग दूध आलं कधी? साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. पदार्थ बोटीवरून शेतघरात गेला आणि शेतघरात गाय होती, हे एक कारण. दुसरं, रेल्वे आणि बर्फ. हिवाळ्यात न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांवरून बर्फ कापून साठवायचा मोठा धंदा होता. (हाच बर्फ फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्याने १८३३ साली बॉस्टनहून जहाजाने कलकत्त्याला पाठवला, आणि पुढे तो मुंबईलाही येऊ लागला.) रेल्वेने आलेलं आणि बर्फावर ठेवलेलं दूध शहरातल्या घरी पोचू लागलं. तिसरं, डबाबंद दूध: गेल बॉर्डनला आटवलेल्या दुधाचं पेटंट १८५६ साली मिळालं. त्यामुळे जिथे गाय नाही तिथेही दूध पोचलं. आणि चौथं कारण फॅशनचं. १८७९ साली बॉस्टन कुकिंग स्कूल सुरू झालं. त्या काळच्या 'शास्त्रीय' स्वयंपाकाला पांढऱ्या सॉसचं विलक्षण वेड होतं. पांढरं म्हणजे स्वच्छ, पांढरं म्हणजे सभ्य. ह्या शाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली काढलेलं पाकशास्त्राचं पुस्तक घराघरांत गेलं. त्यातल्या क्लॅम चाउडरमध्ये चार कप गरम दूध आहे. इथून पुढे पांढरं चाउडर हेच 'न्यू इंग्लंड' झालं. चमचा उभा राहण्याइतका दाटपणा त्याहूनही अलीकडचा, विसाव्या शतकातल्या उपाहारगृहांचा.

म्हणजे १७५१ पासून मोजलं तर चाउडरचं पहिलं शतक बिनदुधाचंच गेलं. आणि ते चाउडर मेलेलंही नाही. ऱ्होड आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्याला तिथले लोक साउथ काउंटी म्हणतात, आजही पारदर्शक रश्श्याचं चाउडर मिळतं. त्यात ना दूध, ना टोमॅटो. शिंपल्यांचं स्वतःचं पाणी, बटाटा, कांदा आणि थोडं डुकराचं मांस. पीएचडीच्या दिवसांत मी ते स्वस्त म्हणून खायचो. दिसायला ढगाळ पाण्यासारखं. पहिला घोट घेतला की थेट समुद्र तोंडात येतो.

आता हे घरी कसं करायचं ते सांगतो. इथले जाड कवचाचे शिंपले, ज्यांना क्वाहॉग म्हणतात, ते दोन डझन मोठे घ्यायचे. कवचं ब्रशने घासून लिटरला तीस ग्रॅम मिठाच्या पाण्यात तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे वाळू टाकतात. उघडे असलेले आणि टिचकी मारूनही न मिटणारे फेकून द्यायचे. चार कप पाण्यात झाकण घालून उकडायचे. दहाएक मिनिटांत तोंडं उघडतात. न उघडलेले टाकायचे. मांस काढून बारीक चिरायचं. पातेल्यातलं पाणी पातळ कापडातून गाळून घ्यायचं. सगळी किमया ह्या पाण्यात आहे, थेंबही सांडायचा नाही.

दुसऱ्या पातेल्यात तीन चमचे तेलात (किंवा खारवलेल्या मांसाच्या चरबीत) दोन कांदे आणि सेलरीचे दोन दांडे लाल न होऊ देता परतायचे. तमालपत्र, थाईम. मग पाऊण किलो बटाट्याच्या फोडी आणि ते गाळलेलं पाणी. बटाटे दोन जातींचे घेतले तर उत्तम: पिठूळ बटाटा फुटून रस्सा दाट करतो, चिकट बटाटा फोड टिकवतो. शिजल्यावर पळीने चारदोन फोडी कडेला चेचायच्या. सात-आठ साधी बिस्किटं कुटून घालायची, पण पाकिटावरची यादी वाचून. पुष्कळ बिस्किटांत लोणी किंवा दूध पावडर लपलेली असते. शिंपल्याचं मांस अगदी शेवटी, दोन मिनिटं. जास्त शिजवलं तर रबर. भरपूर मिरपूड. मीठ शेवटी चाखूनच, बहुधा लागत नाही. आणि घाई नसेल तर तासभर झाकून ठेवायचं, चव मुरते.

थोडं इंजिनियरी बोलायची परवानगी असावी. चाउडरमध्ये क्रीम दोन कामं करतं. एक, दाटपणा, पण ते काम बटाट्याचा आणि बिस्किटाचा स्टार्च तितकंच चांगलं करतो. साधारण साठ-सत्तर अंशांवर स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि रस्सा धरून ठेवतात. दुसरं काम, पांढरा रंग. क्रीममधले स्निग्धाचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात म्हणून ते पांढरं दिसतं. हे स्टार्चला जमत नाही. पण ते स्निग्ध थेंब आणि दुधातली प्रथिनं वासाचे बरेच रेणूही स्वतःकडे ओढून घेतात, म्हणून क्रीमने चव सौम्य होते. दूध काढलं की आपण गमावतो तो रंग. शिंपला मात्र परत मिळतो.

हे चाउडर करायला आईला घेऊन बसलो. म्हणजे मीच बाजूला बसलो. पिशवी उघडून तिने एक शिंपला हातात घेतला, वजन पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो मोठ्यो तिसऱ्योच मरे!" आणि ते शास्त्रीयदृष्ट्याही फारसं चूक नाही. आपल्या तिसऱ्या आणि इथले क्वाहॉग दोन्ही व्हेनेरिडी ह्या एकाच कुळातले. आठ हजार मैलांवरचे चुलत भाऊ म्हणा. मग तिने विचारलं, विळी कुठे? तिसऱ्या विळीवर उघडून एकेक शिंप ठेवून एकशिपी कशी करतात ते तिने मला दाखवायला घेतलं, आणि क्वाहॉगचं कवच सुरीला दाद देईना तेव्हा त्याला मालवणीत चार शब्द सुनावले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्या स्वयंपाकघरात मोठ्याने बोलत होती. डुकराचं मांस तिला चालत नाही, म्हणून तेल घातलं. चव बघून म्हणाली, बरं आहे, पण आंबट हवं. कोकम नव्हतं, लिंबू पिळलं. चाइल्ड बाईंनी लिंबाची चकती सुचवली होती हे मी तिला सांगितलं. "मगे, बाईक कळता," आई म्हणाली. १८३२ च्या बॉस्टनला वेंगुर्ल्याकडून मिळालेली ही पावती. त्या रात्री तिने दोन वाडगे खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता फ्रिज आवरला.

पण त्या पातेल्याकडे बघताना एक प्रश्न माझ्या मनात राहिला. दूध काढलं, डुकराचं मांसही काढलं. मग उरलं काय? शिंपल्याचं पाणी आणि त्याला दाट करणारं काहीतरी पिष्टमय. हे कोणाचं?

त्याचं उत्तर १६४३ सालच्या एका पुस्तकात आहे. ऱ्होड आयलंडची वसाहत स्थापणारा रॉजर विल्यम्स तिथल्या नॅरागँसेट लोकांमध्ये राहून त्यांची भाषा शिकला होता, आणि लंडनमध्ये त्याने त्या भाषेवरचं 'ए की इनटू द लँग्वेज ऑफ अमेरिका' हे पुस्तक छापलं. क्वाहॉग हा शब्द ज्या 'पोक्वाहॉक' वरून आला तो त्यात आहे. (ह्या शिंपल्याच्या कवचातल्या जांभळ्या भागाचे मणी मौल्यवान होते. मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रजांनीही १६३७ ते १६६१ ते कायदेशीर चलन म्हणून वापरले. म्हणूनच लिनियसने ह्या प्राण्याच्या नावात 'मर्सिनेरिया' घातलं, मोल-मजुरीच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.) विल्यम्स लिहितो की ओहोटीला बायका शिंपले खणतात, ते आणि त्यांचं अंगचं पाणी उकळून त्याने आपला रस्सा, मक्याची दाट पेज आणि भाकरी चवदार करतात. मिठाच्या ऐवजी.

शिंपल्याचं पाणी आणि मक्याची पेज. इथे गाय नाही, कारण प्लिमथला पहिल्या गाई जहाजातून आल्या त्या १६२४ साली. डुक्करही युरोपियनांबरोबरच आलं. आणि त्याच पानावर विल्यम्स आणखी एक गोष्ट नोंदवतो. इंग्रजांची मोकाट डुकरं ह्या बायकांसारखीच ओहोटीची वाट पाहत किनाऱ्यावर येतात आणि शिंपले उकरून खातात. म्हणून इंग्रजांच्या सगळ्या जनावरांत डुकराचा ह्या लोकांना सर्वांत जास्त तिटकारा आहे.

हे वाचून पांढऱ्या चाउडरचा वाडगा मला पूर्वीसारखा दिसत नाही. त्यात शिंपला आणि डुक्कर एकत्र आहेत. किनाऱ्यावर ते तसे एकत्र नव्हते. एकाने दुसऱ्याला खाल्लं होतं, आणि त्यात जगण्याचं एक साधन संपत चाललेल्या बायका होत्या. डिसेंबर १६७५ मध्ये, ज्या साउथ काउंटीत आज पारदर्शक चाउडर मिळतं तिथल्याच दलदलीत, वसाहतींच्या फौजेने नॅरागँसेटांच्या कोटावर हल्ला करून बायकापोरांसह शेकडो माणसं मारली. नॅरागँसेट लोक संपले नाहीत. त्यांची जमात आजही तिथेच आहे. पण 'अस्सल चाउडर कोणतं' ह्या वादात पांढरे आणि लाल असे दोनच पक्ष मोजले जातात.

त्यांच्या पेजेतूनच चाउडर जन्मलं असं मी म्हणत नाही. बोटीवरच्या हंड्याची वंशावळ वेगळी, सरळ आणि पुराव्याची आहे. मी म्हणतोय ते इतकंच, की एखाद्या पदार्थाचं 'मूळ' म्हणून आपण जिथे बोट ठेवतो, ती जागा बहुधा आपल्या आजीच्या आठवणीची सीमा असते. आमदारासाहेबांच्या आजीने दूध घातलं, म्हणून दूध मूळ. माझ्या आजीच्या तिसऱ्यांत लाल मिरची आणि बटाटा असायचा, आणि मी परदेशात 'अस्सल मालवणी'चा झेंडा मिरवतो. पण मिरची आणि बटाटा दोन्ही अमेरिका खंडातले, आणि आपल्या किनाऱ्यावर ते पोर्तुगीजांच्या काळात पोचले. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या वेंगुर्ल्याची तिसऱ्यांची आमटी माझ्यासमोर ठेवली, तर मी 'काहीतरी चुकलंय' म्हणून वाटी परत करीन.

असो. दूध घालून करा, टोमॅटो घालून करा, आमची हरकत नाही. फक्त कोणी दूध नको म्हटलं तर 'मग ते चाउडर कसलं' असं म्हणू नका. आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकांसाठी एक सूचना: हाच प्रकार तिसऱ्यांचा करून पाहा, मिरची-खोबऱ्याशिवाय, नुसतं त्यांचं पाणी, बटाटा, कांदा आणि मिरपूड. तिसऱ्या लहान असतात, म्हणून चांगल्या शंभरेक घ्या, आणि उकडलेलं पाणी गाळून सगळंच्या सगळं वापरा. मीठ मात्र आधी घालू नका. ते समुद्राने घातलेलं असतं.